फॉसिल रॉकवरून पिशव्या भरून आणणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र दुबई, शारजा, अजमान, अबुधाबी आणि अजून जिथे जिथे आपले मराठी वीकएंड ग्रुप आहेत त्या सगळ्यांना. ट्रेकवाले, फोर बाय फोरवाले, कॅम्पिंगवाले आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नसतं, फक्त डबा खायला मोकळी जागा हवी असते, ते पण. दादा, वहिनी, काका, काकू, कोणालाच वेगळं काढत नाही कारण हे काम सगळे मिळूनच करतात.

ऑक्टोबर संपत आला, सकाळी बाल्कनीचं दार उघडं ठेवता यायला लागलं की ग्रुपवर मेसेज सुरू, चला मलेहाला, म्हणजे शारजाच्या वाळवंटात, चला तिथल्या फॉसिल रॉकला. जावंच की. आठवडाभर काचेच्या इमारती बघून कंटाळा येतो आणि तासाभराच्या ड्राइव्हवर लाल वाळू आणि त्या वाळूतून एकदम वर आलेला तो फिक्कट दगडाचा डोंगर, त्यात शारजावाल्यांना तर तीन दिवसांचा वीकएंड. माझी तक्रार जाण्याबद्दल नाहीये. येताना डिकीत काय असतं त्याबद्दल आहे.

यंदा गणपतीत एका ग्रुपवर फोटो आला, कुठल्या ते सांगत नाही, ज्यांचा आहे त्यांना कळेल. मखराच्या पुढे ओळीने मांडलेले दगडातले शंख, शिंपले, एक छान गोल सी अर्चिन (समुद्रातला काटेरी गोळ्यासारखा जीव), त्याच्यावरची पाच पाकळ्यांची नक्षी एकदम क्लिअर दिसतेय, आणि खाली कॅप्शन, इको फ्रेंडली डेकोरेशन, डायरेक्ट फ्रॉम फॉसिल रॉक. त्याच्याखाली हार्टच हार्ट. एकाने विचारलं अजून आहेत का, मला फिशटँकसाठी हवे होते. मग दुसऱ्याने सांगितलं की येऊ द्या थंडी, बादली घेऊनच जाऊ. बादली! तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं, ग्रुपवर लिहिलं असतं तर दोन गुड मॉर्निंगच्या खाली गेलं असतं म्हणून असं उघड पत्र.

आधी सरळ सांगतो काय हवंय ते. तिथून दगड आणू नका. लहान नाही, मोठा नाही, सुटा पडलेला नाही, "फक्त एक आठवण म्हणून" पण नाही. बाकी खाली जे लिहिलंय ते का ते सांगण्यासाठी आहे, कारण नुसतं नका म्हटलं की आपली लोकं पहिले दोन तास भांडतात.

मी जिऑलॉजिस्ट नाही. साईटवरचा सिव्हिलवाला माणूस, पण दगडांचं वेड जुनं आहे आणि इथे आल्यापासून ते वाढलंच. तर हा जो फॉसिल रॉक म्हणतो आपण, जेबेल मलेहा, तो एकटा डोंगर नाही. हजर पर्वताच्या पश्चिमेला, वाळूच्या कडेकडेने उत्तर-दक्षिण एक छोटी रांग आहे, त्यातला तो एक. थोडं दक्षिणेला गेलं की फाया, मग बुहैस. सगळे चुनखडकाचे, आणि त्या चुनखडकाच्या थरांना नाव आहे सिमसिमा फॉर्मेशन. वय साधारण ७ कोटी वर्षं. म्हणजे डायनासोर अजून जिवंत होते, पण त्यांचे शेवटचे दिवस चालू होते असं समजा.

आणि गंमत त्याच्या खालच्या दगडात आहे. बुहैसला गेलात तर नीट बघा, वर फिक्कट दगड आणि खाली काळपट-हिरवट दगड. तो खालचा दगड मुळात इथला नाहीच. तो समुद्राच्या तळाचा आणि त्याच्याही खालचा दगड आहे, पृथ्वीच्या आतला, मॅन्टलचा. साडेनऊ कोटी वर्षांच्या आसपास तो समुद्राखाली तयार झाला आणि मग जमिनीच्या प्लेट एकमेकींवर रेटल्या जाताना बुडायच्या ऐवजी उलटा अरबस्तानच्या कडेवर चढून बसला. याला ऑफिओलाइट म्हणतात, इथला सेमाइल ऑफिओलाइट जगातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात उघड्या दिसणाऱ्यांपैकी आहे, हत्ता किंवा फुजैराला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ते काळे ओबडधोबड डोंगर दिसतात ना, ज्यांच्याकडे बघून वहिनी म्हणतात काय हे भकास, तेच ते. जगभरातून लोकं तिकीट काढून ते भकास बघायला येतात.

तर हा काळा दगड वर आला, उघडा पडला, झिजला, त्याचे गोटे झाले आणि मग समुद्र परत आला. हळूहळू, उथळ, कोमट पाण्याचा. पहिल्यांदा किनाऱ्याचे गोटे आणि वाळू साचली, काल्हा नावाचा थर, आणि त्याच्यावर मग चुनखडक, सिमसिमा. त्या उथळ पाण्यात काय नव्हतं, कोरल, मोठाले गोगलगायीसारखे शंख, सी अर्चिन तर इतक्या प्रकारचे की लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये फक्त या भागातल्या सी अर्चिनवर अख्खा ग्रंथ काढला. लोफ्टुसिया नावाचा एक जीव आहे त्यात, दिसायला दोन्हीकडे निमुळता, सेंटिमीटरमध्ये मोजावा लागतो, आणि तो एकपेशीय. एकच पेशी. शाळेत अमीबा मायक्रोस्कोपखाली बघायचो आपण, हा त्याच्याच लांबच्या भाऊबंदांपैकी पण हातात धरता येतो.

आणि रुडिस्ट. हे मला सगळ्यात आवडतात. शिंपल्याच्याच जातीतले, पण यांनी वेगळंच केलं, दोन झाकणांपैकी एक वाढवत वाढवत नेलं आणि दुसरं वर नुसतं बसवलं, म्हणजे आईस्क्रीमच्या कोनावर झाकण ठेवावं तसं. गर्दी करून शेजारी शेजारी उभे राहायचे, वस्तीच्या वस्ती. त्या काळात उष्ण समुद्रांमध्ये कोरलपेक्षा यांचाच दरारा होता. आणि मग ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोरबरोबर हेही संपले, एकही उरला नाही. आज जगातल्या कुठल्याही समुद्रात रुडिस्ट सापडणार नाही. तुमच्या शू रॅकवर ठेवलेला तो वाकडा शिंगासारखा दगड, ज्याला तुमचा मुलगा डायनासोरचा दात म्हणतो, तो बहुतेक रुडिस्टच.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं छान, पण आमचा काय संबंध. संबंध असा की तेल कुठून येतं असं वाटतं तुम्हाला? अबुधाबीच्या दक्षिणेला शाह नावाचं ऑइलफील्ड आहे, तिथे हाच सिमसिमा जमिनीत खोल आहे आणि त्याच्याच बारीक भोकांमधून तेल निघतं. बू हसा या दुसऱ्या ऑइलफील्डला त्याहून जुन्या चुनखडकातून, त्यातही रुडिस्टच. तिथे दगड बघायला ड्रिल करून नळीएवढा तुकडा वर काढावा लागतो आणि त्या नळीएवढ्या तुकड्यावरून किलोमीटरभर पसरलेल्या थराचा अंदाज बांधावा लागतो. म्हणून मग तेल कंपन्यांची आणि युनिव्हर्सिटीची माणसं उघड्यावरचे थर बघायला जातात, की हा थर आडवा किती पसरतो, रुडिस्ट कुठे दाट आहेत, कुठे विरळ. आपल्यातले निम्मे लोक ऑइल अँड गॅसमध्ये आहेत, उरलेले त्या पैशावर उभ्या राहिलेल्या बाकीच्या धंद्यात. ज्या दगडाने घर चालवलं त्याचेच तुकडे आपण फिशटँकमध्ये घालतोय.

फिशटँकवरून आठवलं. चुनखडक पाण्यात ठेवला की थोडा थोडा विरघळतो, पाणी जड होतं, पीएच चढतो. काही माशांना चालतं, बऱ्याच माशांना नाही. त्या दादांचे निऑन टेट्रा मेले तर दुकानदाराला शिव्या देऊ नका एवढंच.

आपल्याकडच्या माणसाला या शंखांचं एवढं का होतं ते मला कळतं. आपण काळ्या दगडातली माणसं. सह्याद्री म्हणजे लाव्हा, एकावर एक थर थंड झालेले, त्यात कुठून येणार शिंपला. मी सातारकडचा, लहानपणी जेवढे डोंगर चढलो तेवढ्यात एक शंख दगडात बघितला नाही. आपल्याकडे सापडतं ते लाव्हाच्या दोन थरांमध्ये जी तळी वगैरे होती त्यांच्या गाळात, मुंबईत वरळीकडे असे बारके बेडूक सापडले होते, १८४७ मध्ये त्यांचं वर्णन छापून आलंय. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमचा फॉसिल पार्क आहे, चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं सापडतात. पण पुण्या-साताऱ्या-कोल्हापूरच्या माणसाला फॉसिल म्हणजे पुस्तकातला फोटो. आणि इथे एकदम पायाखाली शंखच शंख, तेही वाळवंटात, माणूस येडा होणारच. हात जातोच खाली.

आणि काळ तर बघा, इथे हा समुद्र चालू होता आणि तिकडे आपला सह्याद्री अजून व्हायचा होता. सिमसिमाचा काळ संपत आला त्याच सुमाराला आपल्याकडे लाव्हा फुटला, दख्खनचा. तेव्हा भारत आशियाला चिकटलेला पण नव्हता, एकटाच समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता. म्हणजे फॉसिल रॉकचा शंख हा तुमच्या गावाकडच्या डोंगरापेक्षा म्हातारा आहे. म्हाताऱ्या माणसाला असं पिशवीत कोंबतात का?

बरं आता मुद्द्याचं, जिथे मला खरंच राग येतो. जुलै २०२५. पॅरिसला युनेस्कोची ४७ वी बैठक. आपले बारा किल्ले वर्ल्ड हेरिटेज झाले, रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, साल्हेर, लोहगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. इथे काय काय झालं आठवतंय ना, डीपी बदलले, पेढे वाटले, कोणी ढोल काढले. मी पण पेढे खाल्ले. पण त्याच बैठकीत, त्याच यादीत अजून एक नाव आलं, फाया पॅलिओलँडस्केप. आपण जिथे मटण शिजवतो त्याच्या शेजारचा डोंगर! अल ऐननंतर या देशाचं दुसरं वर्ल्ड हेरिटेज. एकाही ग्रुपवर एक मेसेज नाही, मी स्वतः शोधले.

फाया शंखांसाठी यादीत नाही हे खरं, ते माणसांसाठी आहे. साधारण २ लाख १० हजार वर्षांपासून ६ हजार वर्षांपर्यंत माणूस तिथे येऊन जाऊन राहिला, डोंगराच्या कपारीत, जेव्हा पाऊस चांगला होता तेव्हा यायचा, वाळवंट कोरडं पडलं की निघून जायचा. २०११ मध्ये तिथल्या सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर पेपर आला, आफ्रिकेतून माणूस बाहेर पडला तो कुठून पडला यावर जगभर वाद झाला त्यावरून. बुहैसला तर सात हजार वर्षांपूर्वीचं स्मशान आहे, शेकडो माणसं पुरलेली, गळ्यात कमरेत शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा. समुद्र तिथून बराच लांब, तरी घालून आणलेल्या. आता यावर कोणीतरी म्हणणारच की बघा, शिंपल्यांची हौस आहेच माणसाला पहिल्यापासून. आहे ना. त्यांनी ती समुद्रावर जाऊन भागवली. आणि हत्यारांसाठी त्यांनी त्याच डोंगरातले चकमकीचे दगड फोडले हे पण मला माहितीये, तो प्रश्न पण येणार. पण ती मूठभर माणसं होती आणि त्यांना त्या दगडाने शिकार कापायची होती. तुम्हाला टीव्हीखालचं ड्रॉवर सजवायचंय.

गडावर कोणी नाव कोरलं की आपण फोटो टाकून त्याची अब्रू काढतो. बरोबरच करतो. गडावरची वीट हलवली तर पोलीस कंप्लेंटच्या गोष्टी करतो, सुट्टीत गावी गेलो की संवर्धन मोहिमेत दगड उचलतो, आपल्यातल्या कितीतरी जणांनी केलंय ते, मी नावं घेऊ शकतो. तीच माणसं इथे आली की बादली. मला हे समजत नाही. दुसऱ्याच्या देशात आपण पाहुणे, त्यात इतके वर्षं मीठ खाल्लेले पाहुणे, उलट जास्त जपायला नको?

आता जी उत्तरं मला तोंडावर मिळालीयेत ती पण घेतो एकेक.

पहिलं, सुटे पडलेले असतात हो, आम्ही थोडीच छिन्नी हातोडी घेऊन जातो. मान्य, छिन्नीवाले कमी आहेत (आहेत पण, एका काकांकडे बघितलीये मी). पण सुटा दगड कुठल्या थरातून सुटला ते तो कुठे पडलाय त्यावरून अजून सांगता येतं. उतारावर तो अमुक उंचीवर आहे, वर तमुक थर आहे, म्हणजे तिथून आला. रुडिस्ट उभा सापडला म्हणजे तो तिथेच जगला, आडवा तुटका सापडला तर लाटेने, वादळाने आणून टाकला असेल. त्याच्या बाजूला कोण आहे, खाली गोटे आहेत की बारीक चिखल, यावरून पाणी किती खोल होतं ते कळतं. ही सगळी माहिती त्या जागेत आहे. घरी आणला की उरतो फक्त एक वेडावाकडा दगड, आणि तो दोन वर्षांनी घर बदलताना कचऱ्याच्या चूटमध्ये जातो. मी बघितलंय, आमच्याच बिल्डिंगच्या कचराखोलीत, कॅरीबॅगमध्ये फॉसिल. सात कोटी वर्षं टिकलेला जीव आणि शेवट कुठे, तर बिर्याणीच्या डब्यांशेजारी.

दुसरं, आम्ही दोन नेले तर काय फरक पडतो. आपण मराठीच दोन नेतो असं आहे का, मल्याळी ग्रुप आहेत, पाकिस्तानी आहेत, फिलिपिनो आहेत, गोरे आहेत, प्रत्येकाचे दोन. तुम्हीच सांगता ना की पाच-सहा वर्षांपूर्वी पायथ्याशी खच पडलेला असायचा, आता शोधावं लागतं. मग गेले कुठे, चालत गेले?

तिसरं, आणि हे जरा वजनदार आहे. अहो रास अल खैमाला अख्खेच्या अख्खे डोंगर फोडून खडी करतात, जहाजं भरून बाहेर जाते, आणि तुम्ही आमच्या शंखावर बोलताय. खरंय. मी स्वतः त्याच खडीचं काँक्रीट रोज ओततो, तेव्हा मला यावर साळसूद बनता येत नाही. पण तिथला चुनखडक प्रचंड जाड आहे, मुसंदमपर्यंत गेलेला, खाणीची जागा ठरलेली, कुठे फोडायचं कुठे नाही ते कागदावर असतं. मलेहाची ही रांग त्याच्यापुढे चिमूटभर. चिमूटभर गोष्टीतून चिमूट चिमूट गेलं की काय होतं ते मला शिकवायला नको. आणि खाण चालू आहे म्हणून मी पण घेतो, हे म्हणजे साहेब खातो म्हणून मी पण खातो.

चौथं, आपण शाळिग्राम देवघरात ठेवतो की, तो पण फॉसिलच. अगदी बरोबर, शाळिग्राम म्हणजे अमोनाइट, गुंडाळलेल्या शंखाचा नामशेष समुद्री जीव, नेपाळात गंडकीच्या पात्रात मिळतात, आणि गंमत म्हणजे ज्या टेथिस नावाच्या, आता नसलेल्या समुद्राच्या काठाचा तो, त्याच टेथिसच्या काठाचा हा सिमसिमा, फक्त मधे काही कोटी वर्षं. पण आज्जीचा शाळिग्राम पिढ्यान् पिढ्या एकच असतो. आज्जी दर वीकएंडला गंडकीवर बादली घेऊन जात नव्हती. ज्या काकूंनी हे मला ऐकवलं त्या तुळशीच्या लग्नाला बोलावणार होत्या, आता बोलावतात का बघू.

पाचवं उत्तर नाही, ती सवय आहे, पण लिहितोच. ते व्हिनेगर. कुठल्यातरी व्हिडिओत बघून आपल्यातले उत्साही बाबा मुलांना दाखवतात, दगडावर व्हिनेगर किंवा लिंबू पिळायचं, फेस येतो, बघ बाळा हा चुनखडक. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो यायला दगड विरघळावा लागतो, तुम्ही ज्या नक्षीवर ओतताय ती नक्षीच जाते. सी अर्चिनच्या पाकळ्यांवर लिंबू पिळताना बघितलं तेव्हा पोटात गोळा आला माझ्या. एवढंच दाखवायचं असेल तर घरी अंड्याचं टरफल घ्या, तेही कॅल्शियम कार्बोनेटच, भरपूर फेस येतो. शाळेतला खडू घेऊ नका, तो बहुतेक वेळा जिप्समचा असतो, काही होत नाही आणि मुलं हसतात.

आणि शेकोटी. वाळूत पेटवा की, बार्बेक्यू स्टँड असतंच आपल्याकडे. दगडाच्या कपारीत, वारा लागत नाही म्हणून, जाळ केला की चुनखडक तडकतो, पापुद्रे निघतात, वर काजळी बसते ती पावसाने पण जात नाही कारण पाऊसच नसतो. शिवाय ज्या कपारीत तुम्ही मॅरिनेट केलेलं चिकन भाजताय तशाच कपारीत पलीकडे दोन लाख वर्षांचा इतिहास निघालाय. फोर बाय फोरवाल्यांना एकच विनंती, ड्यून बॅशिंगला वाळूचे एवढे डोंगर पडलेत, बिग रेड आहे, कुठेही जा, पण डोंगराच्या पायथ्याच्या दगडी उतारावर गाडी चढवून व्हिडिओ काढायचं थांबवा. सुटे फॉसिल तिथेच असतात. टायरखाली जे कर्रकर्र वाजतं ते तेच असतं.

मग करायचं काय, हे विचाराल तर भरपूर आहे. आधी बुहैसचा जिऑलॉजी पार्क बघा, २०२० मध्ये उघडलाय, त्याची बिल्डिंगच सी अर्चिनवरून केलीये, पाच गोल घुमट एकमेकांना जोडलेले, मुलांना बाहेरूनच आवडतं. आत या डोंगरांची पूर्ण गोष्ट आहे, आणि बाहेर चालायची वाट केलीये, तिथून तो काळा दगड आणि त्याच्यावरचा फिक्कट दगड, दोन्ही बघता येतात, मधल्या रेषेवर बोट ठेवून सांगा मुलांना की इथे समुद्र परत आला. मलेहाचं आर्किऑलॉजिकल सेंटर आहे, त्यांच्याबरोबर गाइड घेऊन फॉसिल रॉकला जाता येतं. मी असा गाइड घेतला होता, बिचारा तासभर उन्हात उभा राहून एकेक शंख दाखवत होता आणि ज्या जागेवरून उचलला त्याच जागेवर परत ठेवत होता, पालथा असेल तर पालथाच. आपल्यातल्या एकानेही त्याला कधी बघून तसं केलेलं मी बघितलं नाही.

फोटो काढा. शेजारी एक दिरहमचं नाणं ठेवा म्हणजे साइज कळते, सकाळी आठ-साडेआठला काढा, ऊन तिरकं असतं तेव्हा दगडातली नक्षी उठून दिसते, दुपारी सगळं सपाट दिसतं. लोकेशन ऑन ठेवा. मुलांना वही द्या, काढू दे चित्र, कोणाला किती प्रकार सापडतात ते बघू, सापडणं म्हणजे बघणं, खिशात घालणं नाही हे त्यांना एकदा सांगितलं की पुरतं, प्रॉब्लेम मुलांचा नसतोच. शाळेच्या प्रोजेक्टला काहीतरी न्यायचंच असेल तर ममझरच्या बीचवरचा साधा आजचा रिकामा शिंपला घ्या, मातीत दाबा, वर प्लास्टर ओता, ठसा तयार. फॉसिल कसं बनतं ते पण कळतं. आणि उन्हाळ्यात, जेव्हा बाहेर जाता येत नाही तेव्हा मॉलच्या फरशा बघा. चेष्टा करत नाहीये, चुनखडकाची पॉलिश केलेली फरशी असेल तर तिच्यात शिंपल्यांचे, गोगलगायींचे कापलेले आकार दिसतात, माझी भाची आता सेलपेक्षा फरशीकडे जास्त बघते, तिच्या आईला ते आवडत नाही तो भाग वेगळा.

ज्यांच्या घरी आधीच दगड आहेत त्यांनी घाबरू नका, कोणी यादी करत नाहीये. फक्त अपराधी वाटलं म्हणून पुढच्या वेळी नेऊन कुठेही फेकू नका, कारण बुहैसचा दगड मलेहाला टाकला तर पुढच्या बघणाऱ्याची दिशाभूल होते, ते उचलण्यापेक्षा वाईट. मलेहाच्या किंवा बुहैसच्या सेंटरवर जा, कुठून आणला ते जेवढं आठवतं तेवढं सांगा, काय करायचं ते ते सांगतील. फोनमध्ये उचलतानाचा फोटो असेल तर उत्तमच, त्यात लोकेशन असतं, आणि आपण फोटो काढल्याशिवाय काही उचलत नाही हे एक बरं आहे.

ग्रुप ॲडमिन लोकांना वेगळं सांगतो. पिकनिकच्या मेसेजमध्ये पाणी, टोपी, सनस्क्रीन, कॉन्ट्रिब्युशन, याच्याखाली एक ओळ वाढवा, दगड उचलायचे नाहीत. एवढंच. आणि कोणी ग्रुपवर बादलीचा फोटो टाकला तर त्यावर हार्ट देऊ नका, गडावरच्या नावं कोरणाऱ्याला जे बोलता तेच बोला, तेवढ्याच आवाजात. वाईट वाटेल त्याला, वाटू दे. मला पण दोन-तीन जणांनी अनफ्रेंड केलंय, जेवायला बोलावणं कमी झालंय, वजन कमी होतंय.

जानेवारीत पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी मी मलेहाला जाणार आहे, ज्यांना यायचंय त्यांनी आपापल्या ॲडमिनला सांगा. आधी बुहैस पार्क, मग डोंगर, सकाळी लवकर, दहाच्या आत खाली. मला जेवढं माहितीये तेवढं दाखवीन, जे कोणी खरंच जिऑलॉजी शिकलेलं असेल त्याने पुढे यावं, मी मागे उभा राहतो आनंदाने. पोहे मी आणतो. बादली कोणी आणू नये.

तुमचाच,
शारजातला एक सातारकर

ता. क. बूट बंद घाला. चुनखडक झिजला की त्याच्या कडा ब्लेडसारख्या होतात, मागच्या वेळी एका दादांच्या फ्लिपफ्लॉपचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. आणि उतारावर मुलांना पळू देऊ नका, गोटे सुटे आहेत, वरच्याने पाय टाकला की खालच्याच्या डोक्यावर येतात.